बागेच्या फलकावरचा मजकूर

तळ्याकाठच्या बागेत माळीबुवांच्या वाटेला सहसा कुणी जात नसे. कुंपणाची मेंदी कापायला बसले तरी कुणावर तरी सूड उगवल्यासारखी कापत. एकदा पेडलबोटी भाड्याने देणाऱ्या माणसाने दोन बोटी दोराने एकत्र बांधल्या, तर यांनी फावड्याच्या दांड्याने त्याचा जबडाच मोडला. त्यापायी माळीबुवांना पंधरा दिवस कामावरून घरी बसावं लागलं, पण गडी मारण्याचं कारण सांगेल तर शपथ.

बागेला तीस वर्षं झाली तेव्हा कार्यालयाने फाटकाजवळ इतिहासाचा फलक लावायचं ठरवलं. 'पूर्वी येथे दलदल होती' एवढं वाक्य त्यांच्याकडे तयार होतं. दलदल म्हणे! साठ घरं होती तिथे नावाड्यांची, आणि घरटी एक होडी. ठेकेदार लावून सगळं पाडलं, बाग केली आणि गवगवा नको म्हणून प्रत्येक घरातल्या एकाला बागेत नोकरी दिली. माळीबुवांच्या वाट्याला आलेला गुलाबाचा ताटवा त्यांच्याच चुलीच्या जागेवर होता.

नव्या अधिकारी बाई मात्र चौकस निघाल्या. जुनं कोण उरलंय याचा शोध घेत त्या वही घेऊन थेट माळीबुवांच्या खोलीत येऊन बसल्या.

"सांग की रे," कोपऱ्यातून त्यांची म्हातारी आई म्हणाली. "थोरल्याला कसं मारलं ते लोकांना वाचू दे."

थोरल्या भावाला ठेकेदाराच्या माणसांनी मारलं, असं माळीबुवांनीच तिला तीस वर्षं सांगितलं होतं. आता खरं बोलावं तर म्हातारीचा उरलेला एक मुलगाही जायचा. खोटं बोलावं तर ते फलकाच्या पत्र्यावर कायमचं चढायचं, आणि त्याच्याखालची रोपं रोज आपणच शिंपायची.

ते सांगू लागले.

ठेकेदाराची माणसं भर दुपारी आली. हातात काठ्या, पहारी, आणि मागे घरं पाडायचं यंत्र. म्हाताऱ्यांना केसांना धरून फरफटत बाहेर काढलं, आडव्या आलेल्यांची डोकी फोडली. नावाड्यांनी मग पूर आल्यावर करत तेच केलं. बायकापोरं आणि बोचकी होड्यांत घातली, होड्या खोल पाण्यात नेल्या आणि एकमेकींना दोराने बांधल्या. पुरात असं केलं की एकही वाहून जात नाही. पाण्यावरचा उपाय माणसांवर चालवायला गेले, एवढाच त्यांचा गाढवपणा. ठेकेदाराची माणसं दोन होड्या बळकावून मागोमाग आली आणि कडेच्या होडीचा तळ त्यांनी पहारीने फोडला. ती बुडाली, तिने दुसरीला ओढलं, दुसरीने तिसरीला.

"मी कोयत्याने आमचा दोर तोडला," माळीबुवा म्हणाले. "थोरला बुडणाऱ्या होडीत होता. पहारीनं त्याचा एक हात मोडलेला. तसाच पोहत आला आणि त्यानं आमच्या होडीची कड धरली. होडी कलली. आत आई, पोटुशी बायको, शेजाऱ्यांची चार पोरं. पाणी आत यायला लागलं."

बाईंचं पेन थांबलं.

"मी त्याच्या बोटांवर वल्हं घातलं. सोडेना. परत घातलं. हाडं मोडल्याचं ऐकू आलं, तरी सोडेना. मग डोक्यात घातलं." त्या गोंधळात आईने काही पाहिलं नसावं, असंच ते धरून होते; आता तिच्याकडे बघायचं धाडस त्यांना झालं नाही. "ठेकेदारानं नाही मारलं, आई. मी मारलं."

ते मान खाली घालून बसले. शिवी येवो, थप्पड येवो, घ्यायला तयार होते. फार वर्षांनी त्यांना रडू फुटत होतं आणि त्याची लाजही वाटत होती.

"तुझ्या हातात तर कोयता होता," आई म्हणाली. "वल्हं माझ्या मांडीखाली होतं. तुला ते दिलं कुणी?"

माळीबुवांनी मान वर केली. त्यांना आठवेना.

"मी दिलं," आई म्हणाली. "आणि देताना थोरल्यानं मला बघितलं."

बाईंनी हळूच वही मिटली.

"मिटू नका," म्हातारी म्हणाली. "लिहा. आधी माझं लिहा."