वाचल्याशिवाय पुसायचं नाही

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी सांगली सोडून सातारा जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या एका गावात ग्रंथपाल म्हणून गेलो. ग्रंथपाल हा शब्द माझा. गाव मला फळेवाले म्हणायचं, कारण वाचनालयातल्या पुस्तकांपेक्षा बाहेरच्या भिंतीवरच्या काळ्या फळ्याला वाचक जास्त होते. त्यावर कुणीही यावं आणि खडूनं लिहावं. कुस्त्या कुठं आहेत, कुणाची म्हैस सुटलीय, आणि मुख्य म्हणजे एकमेकांची टिंगल. खाली नाव कुणी घालत नसे. अक्षरावरून माणूस कळायचाच. पुसण्याचा अधिकार मात्र एकट्या फळेवाल्याचा.

माझ्या आधी हे काम फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार बघायचे. मोतीबिंदूनं अक्षर दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी मला ओलं फडकं आणि खडूंचा डबा सोपवला आणि पायरीवर उभं राहून ‘चार्ज दिला’ असं जाहीर केलं. सूचना एकही दिली नाही.

पहिल्याच आठवड्यात एका सकाळी फळ्यावर ओळ होती : ‘गिरणीवाल्याची म्हस वैरण खात न्हाई. तिला आपल्या दळणातलंच पीठ लागतं.’ मी सभ्य घरात वाढलेला. ओळ पुसली आणि एका गरीब माणसाची अब्रू वाचवल्याच्या समाधानात आत जाऊन वर्तमानपत्रं लावत बसलो.

दुपारी गिरणीवाला आला. भुवयांवर पीठ तसंच.

“आवं सांगलीकर, माझ्यावर काय लिवलं हुतं?”

“विशेष काही नव्हतं. मी पुसून टाकलं.”

“पुसलं? आख्ख्या गावानं वाचलं आन् मीच तेवढा ऱ्हायलो व्हय?”

पायरीवरच्या हवालदारांनी कपाळाला हात लावला. “ज्याच्यावर लिवलंय त्यानं वाचल्याबिगर पुसायचं न्हाई. खाली जबाब लिवायचा हक असतोय त्याचा.”

“हे मला आधी सांगायला हवं होतं.”

“ह्यात सांगण्यासारखं काय हाय?”

फळ्यावर होती तोवर ती एकच ओळ होती. पुसल्यावर तिला कुणाचा धरबंध राहिला नाही. संध्याकाळपर्यंत गावाच्या तोंडी म्हशीच्या जोडीला गिरणीवाल्याचा तराजू आला, मेव्हणा आला आणि वारलेले आजोबासुद्धा आले. त्या सगळ्यांना जबाब देणं त्या बिचाऱ्याच्या आवाक्यात नव्हतं.

त्यानंतर फळा कोरा पडला. खडू डब्यात, फडकं वाळलेलं. लोक येत, वर्तमानपत्र चाळत आणि गप उठून जात. “लिवून काय उपेग?” असं कुणीतरी मला ऐकू जाईल इतपत हळू म्हणालं, “सांगलीकर सोवळं नेसून पुसत्यात.” फळा असाच राहिला असता तर मी गावात नुसता ग्रंथपाल उरलो असतो, आणि तसला माणूस गावाला कशाला हवा होता?

अशात सोसायटीचे चेअरमन महाबळेश्वरला कसल्याशा शिबिराला जाऊन आले. परतीला वेशीवर कमान उभारली होती, बँड होता, पेढे होते. कमान त्यांनी जाण्यापूर्वीच सांगून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी फळ्यावर बऱ्याच दिवसांनी अक्षर उमटलं : ‘चेअरमन गावात नव्हते, हे गावाला कमान बघून कळलं.’

थोड्याच वेळात चेअरमनचा माणूस सायकलवरून आला. एक पाय जमिनीला टेकवून म्हणाला, “पुसा ते.”

चेअरमन वाचनालयाच्या कमिटीवर होते. माझी नेमणूक अजून कच्ची होती. पायरीवरची मंडळी एकाएकी वर्तमानपत्र फार मन लावून वाचू लागली.

“साहेबांनी वाचलं का?” मी विचारलं.

“म्या सांगितलंय की त्यास्नी.”

“सांगून चालत नाही. त्यांनी इथं येऊन वाचावं. मग पुसतो.”

आवाज मला वाटला त्यापेक्षा बारीक निघाला. हवालदार पायरीवर थोडे सरकले आणि मला बसायला जागा झाली.

संध्याकाळी चेअरमन स्वतः आले. कडक इस्त्रीचं धोतर, टोपीला टोक. त्यांनी ओळ वाचली. मग पुन्हा वाचली. माझ्याकडं न बघता हात पुढं केला. फडकं मागताहेत असं वाटून मी ते उचललं, पण त्यांनी बोटांची चिमूट केली होती; त्यांना खडू हवा होता. त्यांनी खाली ठसठशीत लिहिलं : ‘पेढे खाताना कमान कशाला ते कुणी विचारलं न्हाई.’

पायरी हसून लोळली. चेअरमननी खडू परत दिला, बोटं झटकली. “आता पुसायचं तवा पुसा,” म्हणाले, आणि चालू लागले. त्यांच्याविषयीचं माझं मत पूर्ण बदललं असं नाही, पण कमानीपुरतं मी त्यांना माफ केलं.

दुसऱ्या सकाळी दोन्ही ओळी पुसून मी आत गेलो. बाहेर आलो तेव्हा फळ्यावर नवी ओळ होती आणि अक्षरांशेजारी जागोजाग पिठाची बोटं उमटली होती : ‘सांगलीकर फळा झ्याक राकत्यात. च्या मात्र सांगलीतच इसरून आलेत.’

गावात आल्यापासून माझ्यावर कुणी काही लिहिलं नव्हतं. मी ती ओळ उभ्यानं वाचली, बसून वाचली, पलीकडच्या कट्ट्यावरून कशी दिसते तेही पाहिलं. मग हॉटेलवाल्याला सगळ्या पायरीचा चहा सांगितला. जबाब लिहिला नाही आणि पुसायला हातही लागेना. दुसरा दिवस उजाडला तरी ओळ तशीच होती.

शेवटी गिरणीवाला गिरणी सोडून आला.

“आवं, वाचलंसा न्हवं?”

“वाचलं.”

“मग पुसा की आता. मला दुसरं लिवायचं हाय.”