मायनं धाडलेला डबा

बातमी दिली ती बबनकाकांनी. डोणगावहून मेहकरच्या बाजारात भाजीचा टेम्पो आणणारे हे काका एरवी फोनवर ओरडूनच बोलतात. त्या दिवशी मात्र आवाज खाली होता. "शारदा, आपल्या मॅडम गेल्या ओ पोरी..." दिवाळी सरून थोडेच दिवस झाले होते. मी खामगावला एका कॉलेजात तासिकेवर शिकवते. मुलांना सोडून दिलं आणि स्टाफरूममध्ये जाऊन पोटभर रडले. आता संक्रांतही होऊन गेली, आणि वानखडे मॅडम आठवल्या की रडू यायच्या आधी हसूच येतं. त्यांना ते आवडलं असतं.

मॅडम आम्हाला मेहकरला भूगोल शिकवायच्या. वर्गात एकदम पुस्तकी मराठी, आणि वर्गाचा उंबरठा ओलांडला की अस्सल वऱ्हाडी. नकाशांवर नद्यांची नावं त्या स्वतः रंगवायच्या, तिरक्या वळणदार अक्षरात, शेवटी एक शेपूट काढून. त्या स्वतः गावच्या विहारात बसून अभ्यास करून शिकलेल्या. घरातून पहिल्यांदाच कॉलेजात आलेल्या आमच्यासारख्या पोरींवर त्यांचा विशेष जीव.

आम्ही खेड्यांतल्या मुली खोली करून राहायचो आणि आमचं जेवण यायचं एसटीने. सकाळी आई डबा ड्रायव्हरच्या हाती द्यायची, आम्ही स्टँडवर जाऊन तो उतरवून घ्यायचो. मी शेवटच्या वर्षाला असताना एसटीचा संप झाला आणि तो लांबतच गेला. त्यातच आई शेतात घसरून पडली, पाय मोडला. खानावळ आम्हाला परवडणारी नव्हती. बाबा फोनवर म्हणाले, "घरी ये. एसटी सुरू झाली का जाजो परत." म्हणायला सोपं होतं ते. माझी थोरली बहीण अशीच थोड्या दिवसांसाठी म्हणून घरी आली होती, ती पुढे लग्न होऊनच घराबाहेर पडली. आता गेले तर पदवी राहिली ती राहिलीच, हे मला पक्कं ठाऊक होतं.

बॅग भरून मॅडमना सांगायला गेले.

"काऊन चालली?"

"डबा येत नाही, मॅडम." आईच्या पायाचं बोलले नाही. सांगितलं तर त्याच म्हणतील, जा, मायजवळ राह्य...

"एसटी नाही येत. भाजीचा टेम्पो तं येते ना? मेथी येते तं भाकर काऊन नाही येणार?"

दुसऱ्याच दिवशी बाकीच्या मुलींचे डबे मेथीच्या जुड्यांसोबत बाजारात उतरले. माझा कुठून येणार? पण त्याच्या पुढच्या सकाळी मॅडम स्वतः टेम्पोजवळ उभ्या. नवा कोरा स्टीलचा डबा पुढे करून म्हणाल्या, "घे, तुह्या मायनं धाडला." बबनकाका एकदम दोरखंड सोडण्यात गुंतले. झाकणावर रंगाने लिहिलं होतं, 'शारदा, डोणगाव.' तिरकं, वळणदार, शेवटी शेपूट. वर्गातल्या नकाशावर पैनगंगा लिहिली होती तशीच मी.

आणि आतली भाकर! मॅडमना स्वयंपाक येत नाही हे अख्ख्या कॉलेजला माहीत. भाकर एका बाजूने जाड, दुसऱ्या बाजूने करपलेली, ठेच्यात मीठ दोनदा पडलेलं. माझी आई तिकडे प्लास्टरमध्ये, आणि मॅडम बिनधास्त तिच्या नावावर असल्या भाकरी खपवत होत्या. त्या बाजारात उभ्या उभ्या मला भरून आलं. बाबांना फोन केला, "मी राह्यते इथंच. जेवायची सोय झाली." ते म्हणाले, "राह्य मंग. तुह्या मायले मी पाह्यतो."

दुसऱ्याचं भांडं आपल्याकडे रिकामं परत करत नाहीत. म्हणून धुतलेल्या डब्यात मी कधी मूठभर बोरं, कधी दोन लिंबं टाकायचे आणि काकांच्या हाती 'आईकडे' पाठवायचे. दुसऱ्या दिवशी मॅडम व्हरांड्यात बोरं खात उभ्या. "गोड हायेत बाप्पा यंदाचे बोरं," असं मलाच ऐकवायच्या. संप मिटेपर्यंत आमचं हे असंच चाललं. मी परीक्षा दिली, पास झाले, पुढे एम.ए. केलं. तो विषय कधी निघाला नाही, डबा मात्र येत-जात राहिला. माझ्याकडून सांडगे, त्यांच्याकडून काहीतरी करपलेलं.

गेल्या दिवाळीत करंज्या घेऊन भेटायला गेले. मॅडम उशीला टेकून बसल्या होत्या, फार वाळल्या होत्या. करंजी खाता खाता एकदम म्हणाल्या, "तुह्या मायचा पाय नीट बसला का मंग?"

मी गारच पडले. "म्हणजे तुम्हाले माहीत होतं?"

"मंग! बबननं पहिल्याच दिवशी सांगतलं."

"तरी मायनं धाडला म्हणत होत्या?"

"माह्याकडचा हाये म्हटलं असतं, तं रोज घेतला असता का तू?"

"मले तं पहिल्याच दिवशी समजलं होतं, मॅडम. भाकर पाहून."

खोकला येईपर्यंत हसल्या त्या. मी निघताना डबा शंकरपाळ्यांनी भरून दिला. शंकरपाळे कसले, दगड नुसते. "रिकामा नाही देत बाप्पा मी," म्हणाल्या. तीच शेवटची भेट.

ते शंकरपाळे मी चहात बुडवून बुडवून संपवले. डबा धुऊन पालथा घातला, आणि आता परत कोणाला करायचा हे काही सुचेना. माझ्या वर्गात पिंपळगाव राजा या गावची एक मुलगी आहे. दुपारच्या तासाला बाकावर डोकं टेकून बसलेली असते. मैत्रिणींकडून कळलं, आईवडील कामाला परगावी गेलेत, हिच्या जेवणाचं काही खरं नाही. काल मी डबा भरून नेला, आणि तिच्या हातात देताना तोंडातून आपसूक निघून गेलं, "ऑफिसात आला होता. तुह्या मायनं धाडला."

झाकणावर काय लिहिलंय हे घाईत ध्यानातच राहिलं नाही. तिने ते वाचलं. माझ्याकडे पाहिलं. मग "हाव मॅडम" म्हणाली आणि डबा घेऊन गेली.

आज तास संपल्यावर तो माझ्या टेबलावर होता, घासून लख्ख केलेला. मी झाकण उघडलं. आत हरभऱ्याचे हिरवे घाटे होते.