गुंडाळलेली पाटी

आमच्या कोपऱ्यावर फुटपाथवर गाड्या लावायला बंदी करणारी पाटी उभी आहे. आदेश अजून निघायचा आहे, म्हणून ती काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली आहे. तिच्याच खांबाला टेकून स्कूटर लागतात.

काल सकाळी एक बाई आपल्या आईला व्हीलचेअरवरून फिजिओथेरपीला नेत होती. स्कूटरने वाट अडवली होती आणि खालच्या रस्त्यावरून बस भरधाव जात होत्या.

"घे खाली, जाऊ तसंच," आई म्हणाली.

"थांबा मावशी!" शेजारचा चहावाला ओरडला. त्याची दोन गिऱ्हाइकं ग्लास ठेवून उठली. हँडल लॉक होतं, म्हणून त्यांनी स्कूटर मागून उचलून बाजूला सरकवली.

"मालक भांडेल हो," लेक म्हणाली.

"भांडू दे. त्याला चहा पाजू," चहावाला म्हणाला.

आदेशाला उशीर का होतो, याची कारणं बातमीत येतात. स्कूटर उचलणारे हे हात येत नाहीत. लेकीचे आभार ऐकायलाही ते थांबले नाहीत. चहा निवत होता.

तासाभराने मी त्याच वाटेने परतताना पाहिलं, तर त्या मोकळ्या जागेत चहावाल्याने आपलं स्टूल ठेवलं होतं. गाडी लावायला आलेल्या एका तरुणाला तो सांगत होता, "इथं नको, साहेब. मावशी अजून परत यायच्यात."