ताईने राजपुत्र नाकारला, हे खोटं आहे

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. मैत्रिणींना नाही, बाबांना नाही, आणि जिला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. पाच वर्षं झाली. या पाच वर्षांत मी गप्प होते असंही नाही — उलट इतकं बोलले, इतकं लिहिलं, की ही एक गोष्ट त्या सगळ्याच्या तळाशी आरामात पडून राहिली.

तुमच्यापैकी काहींनी माझं ते पत्रक वाचलं असेल. ‘माझ्या ताईने राजपुत्र नाकारला.’ ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडं मागे जाते.

परीकथांवरच्या ॲनिमेशनपटांचे चाहते — यात शाळकरी मुलं कमी, नोकरी करणारी माणसं जास्त — कित्येक वर्षं एकाच प्रश्नावर भांडत आहेत. शेवटी शाप कशाने तुटावा? राजपुत्राच्या चुंबनाने, की बहिणीच्या मिठीने? आमच्या मराठी ग्रुपवर दोन तट होते, राजपुत्रवाले आणि बहीणवाले. बहीणवाल्यांची पुढारी मी. झोपलेल्या मुलीला न विचारता तिचं चुंबन घेणाऱ्या माणसाला तुम्ही नायक कसं म्हणता, असं मी विचारायचे, आणि समोरच्याला उत्तर सुचायच्या आत पुढचा प्रश्न फेकायचे. एका नाचात जडलेलं प्रेम मोठं, आणि आयुष्यभर आपल्या ताटातलं दिलेलं प्रेम लहान? लोक टाळ्या वाजवायचे. मला राग आलेला लोकांना आवडायचा. मलाही आवडायचा.

त्याच भरात मी तो लेख लिहिला. त्यात माझी ताई होती, सुजाता. आई गेली तेव्हा मी चौथीत होते आणि ताई दहावीत. त्या दिवसापासून माझी वेणी तिने घातली, डबा तिने भरला. हे सगळं खरं होतं. मग मी लिहिलं, की तिच्या आयुष्यातही एक राजपुत्र आला होता, आणि तिने माझ्यासाठी, धाकट्या बहिणीसाठी, त्याला नाकारलं. म्हणून परीकथेचा खरा शेवट मी पडद्यावर नाही, औंढ्यातल्या आमच्या घरात पाहिला आहे. लेख ग्रुपबाहेर गेला. अनोळखी बायकांनी रडून निरोप पाठवले.

बाबांना अभिमान वाटला. आमचे बाबा कारखान्यात होते, आता निवृत्त. पण त्यांचं खरं काम पत्रकं. जात मोडा, पोरी शिकवा, धर्म न बघता लग्नं करा — मी अक्षरं शिकले ती त्यांच्या पत्रकांवरून. घरातल्या कामाची पद्धत ठरलेली. गठ्ठा आला की ओसरीवर चटई टाकायची. ताईने पहिली प्रत मोठ्याने वाचायची, म्हणजे चूक राहिली असेल तर कानाला कळते. मग तिने तीन घड्या घालायच्या आणि मी पितळी पेल्याने त्या दाबायच्या. शेवटी नाव आणि गाव हवंच. “ज्या कागदाखाली नाव न्हाई त्यो आपला न्हाई,” बाबा म्हणायचे. “नाव टाकलं की त्यातल्या हरेक शब्दाला तू जबाबदार.”

राजपुत्र कोण, असं त्यांनी विचारलं, ते मी हसण्यावारी नेलं. माझा लेख त्यांनी स्वतः वडगावला नेऊन छापून आणला. गठ्ठा ओसरीवर आला. ताईने पहिली प्रत उचलली, मनातल्या मनात वाचली, आणि माझ्याकडे बघून हळूच विचारलं, “असं झालं होतं व्हय?”

मी म्हटलं, थोडं रंगवावं लागतं.

तिने प्रत खाली ठेवली आणि घडी घातली. मग दुसरी. मग सगळा गठ्ठा. मी शेजारी बसून पेल्याने दाबत होते. माझ्या बहिणीने स्वतःबद्दलचं खोटं स्वतःच्या हातांनी घडी घालून मला दिलं, आणि मी ते कॉलेजच्या फाटकावर उभं राहून वाटलं. तुम्ही ते घेतलंत. माझं कौतुकही केलंत.

एकीने केलं नाही. त्या वर्षी लोणावळ्यात आमच्या ग्रुपचा मेळावा होता, एका हॉटेलच्या गच्चीवर. दोन्ही तट समोरासमोर. माझं भाषण झालं. मग राजपुत्रवाल्यांतली एक मुलगी उठली, तळेगावची, आवाज बारीक. ती म्हणाली, “मिठी मारली ते ठीक आहे. पण ती बहीण तिला सोडवतेय की धरून ठेवतेय, हे कसं ओळखायचं? आणि तुमच्या ताईंना कुणी विचारलंय का?”

मी तिला फाडून खाल्लं. दुसरा शब्द नाही. तिला बहीण आहे का विचारलं. ती नाही म्हणाली. मग मी म्हटलं, “भिंतीवरचा राजपुत्र उतरवा आणि जरा माणसांत या.” गच्ची हसली. ती खाली बसली, आणि जेवणाच्या आधी निघून गेली. त्या गच्चीवर खरं बोलणारी ती एकटी होती, आणि हे तिथे फक्त मला माहीत होतं. म्हणूनच मी इतकी तुटून पडले — नाहीतर एवढ्याशा आवाजाची कुणाला भीती वाटते?

अजून टाळतेच आहे मी. बघा, इतकं लिहिलं तरी मूळ गोष्टीवर आले नाही.

त्याचं नाव इमरान. कुसगावचा. हॉटेलांत आणि बंगल्यांत गीझर, फ्रिज दुरुस्त करायचा. ताई लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात बिलं करते. तिथला फ्रिज बिघडला आणि तो आला. राजपुत्र कसला, त्याच्या खिशात कायम स्क्रूड्रायव्हर असायचा आणि शर्टाला त्याचं भोक पडलेलं. आमच्या घरचा फ्रिजही त्यानेच दुरुस्त केला होता, म्हणून बाबा त्याला ओळखायचे. मला ‘लहानी’ म्हणायचा. “लहानी, तुझी ताय हसली की फ्रिज आपोआप चालू व्हतो, मी नुसता हात लावतो,” असं म्हणायचा आणि ताई त्याला बिलाचं पुस्तक फेकून मारायची. ताईला तसं हसताना मी घरात कधी पाहिलं नव्हतं. मला तो आवडायचा. हे लिहून ठेवते, म्हणजे कुणी म्हणायला नको की माणूस वाईट होता किंवा मला शंका होती. शंका नव्हती. धर्म आडवा आला असंही नाही. तसं असतं तर निदान शिवी द्यायला काहीतरी मिळालं असतं.

दोघांनी नोंदणी लग्न ठरवलं. त्याच्या घरी कुरकुर झाली, मग ऐकलं. ताईची एकच अट — पुण्याला लग्नाची नोटीस द्यायच्या आधी बाबांना विचारायचं. आणि आमच्या घरात बाबांशी बोलायचं काम माझं. वाद घालणारी मी, घड्या घालणारी ती, असंच होतं लहानपणापासून. ती मला म्हणाली, “तू बोल ना. तुझं ऐकतात ते.” तिचे हात ओले होते. भांडी अर्धीच घासून झाली होती.

बाबा समोरच्या शेतात बांधावर बसले होते. मी गेले. अर्धा तास त्यांच्याजवळ बसले. ताई दारात उभी होती. तिला आम्ही दोघं दिसत होतो, शब्द ऐकू जात नव्हते. आणि मी बाबांशी काय बोलले? नव्या पत्रकाच्या मथळ्याबद्दल. मथळा लांब झालाय का, एवढंच. बाबा हात हलवून हलवून सांगत होते, त्यांना मथळ्याबद्दल बोलताना नेहमीच चेव येतो. दारातून ते कसं दिसलं असेल, हे मला तिथे बसल्या बसल्याच कळलं. तिथेच माझं ठरलं.

परत आले आणि ताईला सांगितलं, “बाबा नाही म्हणाले. म्हणाले, पत्रकात लिहिणं निराळं आणि घरात करणं निराळं. लग्न केलंस तर इथे पाऊल टाकायचं नाही.”

एवढंच. हे मी केलं. इमरानबद्दलचा एक शब्दही बाबांच्या कानावर गेला नव्हता.

का? ती जाईल म्हणून. मी एकटी पडेन म्हणून. सकाळचा चहा कोण करेल, इतकं हलकं कारणही त्यात होतं, तेही लपवत नाही. बहिणीचं प्रेम सगळ्यात मोठं, हे तत्त्व मला नंतर सापडलं. आधी खोटं बोलले, मग त्या खोट्याला साजेसे चित्रपट शोधले. ज्या चित्रपटांत बहीण सोडून जात नाही, तेवढेच माझे लाडके.

आणि ताईने विश्वास का ठेवला? बाहेर एक आणि घरात एक, अशी माणसं तिने जन्मभर पाहिली होती. आपले बाबाही त्यांतलेच निघाले, एवढंच तिला वाटलं असणार. ती “बरं” म्हणाली आणि उरलेली भांडी घासली. इमरानला तिने स्वतः जाऊन सांगितलं. तो दोन वर्षं थांबला.

त्या दिवसापासून ताईने पहिली प्रत मोठ्याने वाचणं बंद केलं. घड्या घालते, तेवढंच. बाबांना जेवायला वाढते, गोळ्या देते, विचारलं तेवढ्याचं उत्तर देते. बाबांनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, “बारके, माझं काय चुकलं का गं? सुजाता बोलत न्हाई माज्याशी.” मी म्हटलं, दुकानात दमते ती.

मागच्या मे महिन्यात इमरान घरी आला, स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन. ताई कामावर होती. ती नसतानाची वेळ बघूनच आला असावा. पाणी प्यायला, बाबांच्या पाया पडला, माझ्याकडे बघून म्हणाला, “बरी हायस ना, लहानी?” तो गेल्यावर बाबांनी पत्रिका नाव-गावासकट वाचून काढली. मग म्हणाले, “लय गुणाचं पोरगं. आपल्या सुजातासाठी ह्यानं इचारलं असतं तर मी पयला साक्षीदार झालो असतो.”

मी तेव्हाही बोलले नाही. त्या वेळी बोलून काही फायदा नव्हता, असं स्वतःला सांगितलं. फायदा कुणाचा? बाबांच्या नावावर जे मी लावलं होतं ते तरी पुसता आलं असतं. एका मुलीच्या मनात बाप खोटा ठरलेला आहे, आणि बापाला त्याचा पत्ता नाही, आणि दोघं एकाच चटईवर बसतात. यापुढे कसला शाप आणि कसली मिठी?

माझा राग सगळ्या जगावर निघायचा. राजपुत्रांवर, लग्नांवर, तळेगावच्या त्या मुलीवर. तो राग खोटा नव्हता, पण त्याचा पत्ता चुकीचा होता. आता तो योग्य जागी आलेला आहे आणि इथेच राहील.

हे पत्रक मी छापायला दिलेलं नाही. एकच प्रत काढली आहे. उद्या रविवार, ताईला सुट्टी. सकाळी चटई टाकेन, बाबा नेहमीसारखे खांबाला टेकून बसतील, आणि ही प्रत मी ताईसमोर ठेवेन. ती मनात वाचेल की मोठ्याने, मला माहीत नाही. वाटायचं की चुलीत घालायचं, ते ती सांगेल. मी मध्ये बोलणार नाही.

हा कागद तुमच्या हातात आला असेल, तर त्याच्या तीन घड्या तिने घातलेल्या आहेत. त्यावरून तिने मला माफ केलं असं समजू नका. मी समजणार नाही.

अस्मिता
औंढे, ता. मावळ