आक्काची रिकामी पिशवी

आक्का, माझी थोरली बहीण, जाऊन आता महिना होत आला. तिला शेवटची आंघोळ घालताना माझे डोळे आधी तिच्या पोटावर गेले. ऑपरेशनच्या टाक्यांची रेघ कोरडी, छान भरलेली होती. मला रडण्याआधी रागच आला. जिची एवढी धास्ती घेतली ती जखम गुपचूप बरी झाली आणि हृदयानं मात्र न सांगता दगा दिला.

ती धास्ती आईपासूनची. आईच्या ऑपरेशनचे टाके पिकले आणि त्यातच ती गेली. पट्ट्या आक्काच बदलायची. तो वास तिच्या नाकातून कधी गेलाच नाही... म्हणून हर्नियाचं ऑपरेशन ती पुढं ढकलत राहिली. त्यात शुगर. शेवटी डॉक्टरांनी टाक्यांवर स्पंज ठेवून वरून पातळ प्लास्टिकची पट्टी चिकटवली आणि नळीनं एक छोटा पंप जोडला.

"हा आतली ओल ओढून घेतो, जखमेच्या कडा धरून ठेवतो. पिकण्याचा धोका कमी होतो, संपत नाही," ते म्हणाले. आक्कानं शेवटचे दोन शब्द ऐकलेच नाहीत.

भवानी पेठेतल्या घरी आल्यावर तिनं जुन्या चादरीची पिशवी शिवली आणि पंप त्यात घालून खांद्याला अडकवला. दिवसभर हात पिशवीवर. पंपाची बारीक थरथर हाताला लागली की चेहरा सैल व्हायचा. नाही लागली की मला हाक.

"चालू हाय की न्हाय बघ गं!"

"हिरवा दिवा लागलाय की. बंद पडला तर तुझ्यापेक्षा मोठ्यानं वरडंल त्यो."

आठवड्यानं पंप काढला. डॉक्टर खूश झाले. रिक्षात बसल्यावर आक्का म्हणाली, "आता माझी राखण कोण करणार गं?"

रिकामी पिशवी तिनं उतरवलीच नाही. भाजी निवडताना, दारात गप्पा मारताना हात तिथंच. शेजारणी हसायच्या, मीही हसायची. ती गेली त्या सकाळी अंगणात कपडे वाळत घालत होती, तेव्हाही पिशवी खांद्यावरच होती.

परवा मंडईला निघताना खुंटीवरची तीच पिशवी घेतली. भाजीवालीनं विचारलं, "काय हरवलं का ताई? कवापासनं चाचपताय."

भाजीचे पैसे दिले. घरी येऊन पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. अजून जाता-येता तिला हात लावते. चालू हाय की न्हाय, बघायला.