बाईंच्या नावावर तोडलेली सातवीण

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टर बाई पेशंटला आधी जीभ दाखवायला सांगत नसत. माणूस स्टुलावर टेकला की पहिला प्रश्न ठरलेला, "झोपता त्या खोलीची खिडकी कुठे उघडते?" नवा पेशंट गांगरून जायचा. तापाने फणफणलेला एक जण एकदा वैतागून म्हणाला, "बाई, ताप मला आहे, खिडकीला नाही!" बाई थर्मामीटर झटकत म्हणाल्या, "ठाऊक आहे. पण खिडकीखाली गटार असेल, तर पुढच्या आठवड्यात तुझी बायको येईल, मग पोरं. एकदाच काय ते सांगून टाक." तो खाली बघत म्हणाला, "गटारच आहे."

औषधं कमी लिहायची आणि चौकशा फार करायच्या, अशी त्यांची ख्याती होती. नवी गोळी लिहिण्याआधी घरात उरलेल्या जुन्या गोळ्या आणून दाखवायला लावत. एकाने त्या मोरीत ओतून टाकल्याचं अभिमानाने सांगितलं. बाई म्हणाल्या, "कशाला? खाडीतल्या माशांना ॲसिडिटी झाली होती का?" कोणी चेष्टेने विचारलं, की बाई, पृथ्वी वाचवायचं काम डॉक्टरचं आहे का, तर म्हणत, "पृथ्वी माझ्याच वेटिंग रूममध्ये येऊन खोकते. मग कोणाचं?"

कोलशेतचा पाटील रिक्षावाला खोकल्यासाठी त्यांच्याकडे यायचा. त्याची रिक्षा दवाखान्यासमोरच्या रांगेत उभी असे, आणि रांगेतल्या सगळ्यांची इंजिनं भाडं मिळेपर्यंत धुगधुगत असत. एके दिवशी बाई स्टेथोस्कोप गळ्यात तसाच ठेवून रांगेत गेल्या. "बंद करा रे ती."

"अहो मॅडम, सारखं बंद-चालू केलं की बॅटरी बसते."

"बॅटरी नवी मिळते, पाटील. फुप्फुसं कुठल्या दुकानात मिळतात ते दाखव, मी पैसे देते."

रांग हसली, पण इंजिनं बंद झाली. पुढे पाटीलच नव्या रिक्षावाल्यांना दम द्यायचा, "बंद कर, नायतर मॅडम बाहेर येतील."

आता माझ्याकडे येतो. मी तेव्हा आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी होतो. माझी बायको सुधा हिला दमा. आवारात, आमच्या खिडकीखाली एक मोठी सातवीण होती. दसऱ्यानंतर ती फुलली की तिचा उग्र वास जिन्यापर्यंत भरून राही, आणि सुधाचा दमा त्या झाडामुळेच आहे असं मी धरून चाललो होतो. खरं सांगायचं तर मला ते झाड वेगळ्याच कारणासाठी नको होतं. मुलाने गाडी घेतली होती आणि ती उभी करायला आवारात तेवढाच कोपरा उरला होता. झाड काढावं असं बाईंनी डॉक्टर म्हणून सांगितलं, तर कोणी हरकत घेणार नाही, हा माझा हिशोब. म्हणून मी त्यांना घरी बोलावलं.

बाई आल्या, आणि सुधाला तपासून बराच वेळ खिडकीत उभ्या राहिल्या. खाली झाडलोटीचा ढीग पेटला होता. पाला आणि त्यात दुधाच्या पिशव्या. सकाळचा कचरा तिथेच जाळून टाकायचा, हा माझाच हुकूम. कचरागाडीचा फेरा वाचतो म्हणून.

"सेक्रेटरीसाहेब, फुलांचा वास काहींना सोसत नाही, हे खरं. पण फुलं असतात महिनाभर. सुधाताईंना त्रास बाराही महिने होतो, आणि तोही सकाळीच. झाडाला हात लावू नका. ती आग बंद करा."

मी आग बंद केली. गाजावाजा न करता. आणि पुढच्याच सभेत उभा राहून सांगितलं, "झाड काढावं, असं डॉक्टर बाईंचंच मत आहे." पालिकेची परवानगी फांद्या छाटायची होती, छाटता छाटता बुंधाही ठेवला नाही. सुधा महिन्याभरात सुधारली. धूर थांबल्यामुळे सुधारली हे घरात आम्हा दोघांनाच माहीत. गल्लीला वाटलं, झाड गेलं म्हणून दमा गेला. बाईंचा हवाला देत शेजारच्या सोसायट्यांनीही आपापल्या सातविणी काढल्या. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीत सावली अशी उरली नाही.

बाई मला जिन्यात भेटल्या. "माझं हे मत कधी झालं?"

"लोकांचा काहीतरी गैरसमज झाला असेल," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमच्या घरात मी डॉक्टर म्हणून आले होते. तिथलं मी चौकात बोलणार नाही. तुम्ही बोला."

मी बोललो नाही. पुढे बाई कुठल्याही सोसायटीत पाला जाळू नका, झाडं लावा असं सांगायला गेल्या, की कोणीतरी टोमणा मारायचं, "तुम्हीच तर तोडायला लावली!" बाई खाली मान घालून परत यायच्या. मी ते ऐकत असे आणि वर्तमानपत्र वर धरत असे.

यंदा बाईंनी दवाखाना बंद करून डोंबिवलीला मुलीकडे जायचं ठरवलं. निरोपाचा कार्यक्रम आमच्याच हॉलमध्ये. निघताना सुधाने दारातच विचारलं, "आज तुम्ही बोलताय की मी बोलू?"

मी बोललो. जाळायचा हुकूम, गाडी, सभा, सगळं. मग मागून पाटील म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मॅडमना फुकट बोल लावला? काय काका तुम्ही!" मी मान खाली घातली, तरी छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटत होतं.

बाई उठल्या. "त्या कोपऱ्यात गाडी अजून उभी असते?"

"नाही. मुलगा पुण्याला गेला. जागा रिकामीच आहे."

"मग करंज लावा. कुंपणापासून लांब. रोज सकाळी एक बादली पाणी, पाऊस सुरू होईपर्यंत. चुकवायचं नाही."

इतक्या वर्षांची सवय, माझ्या तोंडून निघून गेलं, "जेवणाआधी की जेवणानंतर?"

हॉल हसला. बाईही हसल्या, माझ्याकडे बघून, त्या जिन्यातल्या भेटीनंतर पहिल्यांदाच. "जेवणाआधी," त्या म्हणाल्या. "आधीच फार उशीर झालाय."

बाई डोंबिवलीला गेल्या. मी रोज चहाच्याही आधी बादली घेऊन खाली उतरतो. सुधा वर खिडकी सताड उघडून उभी असते आणि सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं ओरडते, "अहो, मुळाशी घाला! पानांवर काय ओतताय?"