झाकण बंद केल्यानं काही बिघडत नाही

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, आणि ताईजवळ तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय — की ओळखत नाही म्हणूनच सांगता येतंय? कोण जाणे.

मी बालाघाटला एका खाजगी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो. आमच्या घरात, नात्यात, गल्लीत कुणाचंही मशीन अडलं की माझ्याकडे येतं. प्रिंटर असो, फोन असो. मला ते आवडायचं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या आवडीतूनच आलं.

आईला घशाचा कॅन्सर निघाला. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. आईचा आवाज म्हणजे — ती अंगणातून हाक मारायची आणि कोपऱ्यावरचा दुकानदार ओ द्यायचा. असा आवाज.

ताई माझ्याहून मोठी. वारासिवनीला दिलेली, तिथंच शाळेत शिकवते. तेव्हा तिला दिवस गेले होते. ऑपरेशनच्या आधी ती माहेरी येऊन राहिली आणि रोज आईला समोर बसवून बोलायला लावायची. लग्न होऊन आई तुमसरहून आली तेव्हाचं. अंबाडीची भाजी कशी करायची ते. आणि येणाऱ्या लेकरासाठी वेगळं — त्याला उठवायचं कसं, झोपवायचं कसं, रागवायचं कसं. आई आधी लाजायची, मग सुटायची. ताईच्या फोनमध्ये जागा नव्हती. रेकॉर्ड झालं की ती ते लॅपटॉपमध्ये टाकायची आणि फोनमधून पुसायची.

तो लॅपटॉप मीच तयार करून दिला होता. जुना होता, रखडायचा, म्हणून मी त्यातलं विंडोज काढून लिनक्स ही हलकी सिस्टीम टाकली. बॅटरी टिकत नव्हती — तर मी एक सेटिंग बदललं, ज्यानं डिस्कची वीज जास्तीत जास्त तोडली जाते. बॅटरी खरंच जास्त चालायला लागली. ताईनं भाऊजींसमोर माझं कौतुक केलं. त्या सेटिंगखाली लिहिलेलं होतं की काही डिस्कवर यानं डेटा खराब होऊ शकतो. मी ते वाचलं होतं. वाचलं नव्हतं असं म्हणायला किती सोपं गेलं असतं, नाही का?

मग ते सुरू झालं. झाकण बंद केलं की लॅपटॉप झोपतो, उघडलं की जागा होतो — तसाच तो बनवलेला असतो. ताईचा कधी कधी जागाच व्हायचा नाही. काळी स्क्रीन, एक दिवा लुकलुकतोय, पंखा घरघरतोय. कर्नल, म्हणजे मशीनचा सगळा कारभार ज्याच्यावर चालतो तोच, कोसळलेला. ती बटण दाबून बंद करायची, पुन्हा चालू करायची. एकदा फाइल उघडेना म्हणून माझ्याकडे घेऊन आली. मी मशीनच्या नोंदी काढून पाहिल्या. स्वच्छ लिहिलेलं होतं: जागं झाल्यावर डिस्क उत्तर देत नाही, आणि लगेच खाली फाइल सिस्टीममध्ये, म्हणजे कुठली फाइल कुठं ठेवली त्या मांडणीतच, बिघाड. माझ्या सेटिंगचाच प्रताप होता. मला कळलं. त्याच मिनिटाला कळलं.

मी काय केलं? दुरुस्तीचा प्रोग्राम चालवला, फाइल उघडली, आणि नवीन कर्नल बसवून दिला. सेटिंग तसंच ठेवलं. ते काढलं असतं तर बॅटरी पुन्हा उतरली असती आणि ताईनं काहून म्हणून विचारलं असतं.

"पेन ड्राइव्हमध्ये घेऊन ठेवू का रे सगळं?" ती म्हणाली.

"काही गरज नाही. मी आहो ना."

आईचं ऑपरेशन झालं. ती दवाखान्यात असतानाच मामाला तिच्याजवळ ठेवून ताई बाबांसोबत दोन दिवसांसाठी घरी आली. लॅपटॉप झाकण लावून बॅगेत होता. घरी येऊन उघडला तर नेहमीची काळी स्क्रीन. पुन्हा चालू केला, तर तो सुरूच होईना.

मी दर वर्षी पोरांना शिकवतो: बिघडलेल्या डिस्कला हात लावण्याआधी तिची जशीच्या तशी प्रत काढा, जे करायचं ते प्रतीवर करा. तेवढी मोठी रिकामी डिस्क घरात नव्हती. बाजारात होती. पण ताई दारात उभी होती, पोटावर हात ठेवून, आणि माझे हात थांबेनात — मी थेट त्याच डिस्कवर दुरुस्ती चालवली, आणि प्रत्येक प्रश्नाला आपोआप 'हो' उत्तर जाईल असं सांगून ठेवलं. ओळी धावायला लागल्या. किती तरी ओळी. त्या थांबल्या तेव्हा आईचं फोल्डर रिकामं होतं. बाजूला नुसत्या आकड्यांची नावं असलेले तुकडे पडले होते. एक उघडला, दुसरा उघडला. खरखर. मग तीही नाही.

"काय झालं?" ताईनं विचारलं.

मी मागं वळून पाहिलं नाही. म्हणालो, "चालू असताना झाकण लावून बॅगेत काहून टाकला? पूर्ण बंद करायचा असते ना."

ती खाली बसली. म्हणाली, "म्हणजे माझ्याच हातानं गेलं का रे?"

"हौ."

एवढंच बोललो. एका अक्षराचं खोटं. पण मला सांगायचं आहे ते हे नाही. हे भीतीनं झालं, तोंडातून गेलं — असं म्हणून मी कदाचित झोपलोही असतो.

दुसऱ्या दिवशी भाऊजी आले. शांत माणूस. त्यांनी ताईला एक शब्द बोलून दाखवला नाही. मला म्हणाले, "नागपूरले अशा डिस्कमधून काढून देणारे लोक आहेत म्हणते. परवा मी जाऊनच राह्यलो. दे, घेऊन जातो."

डिस्क देणं मला परवडणारं नव्हतं. कारण नागपूरचा तो माणूस डिस्क उघडणार. सेटिंग पाहणार, नोंदी पाहणार, माझी दुरुस्ती पाहणार, आणि भाऊजींना सांगणार की झाकण बंद केल्यानं काही बिघडत नाही.

मी म्हणालो, देतो. दुपारी सगळे जेवून पडले होते. मी दार लोटलं, आणि ती डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत पुसली. वरवर नाही — पूर्ण. शून्यं लिहून. मग नवीन सिस्टीम टाकली आणि भाऊजींना सांगितलं, सगळं पाहून झालं, काहीच उरलं नव्हतं, निदान लॅपटॉप तरी कामाचा व्हावा म्हणून साफ करून दिला.

उरलं होतं का? मला माहीत नाही. ते आता कुणालाच कळणार नाही, अशी व्यवस्था मी केली.

आई घरी आली. गळ्याला भोक, त्यावर पांढरी जाळी. ताईनं तिच्यासमोर हात जोडले आणि सांगितलं. आईनं तिचे हात सोडवले, तिच्या तोंडावर आपला हात ठेवला — बोलू नको. मग माझ्याकडे वळून माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पोरानं एवढी खटपट केली म्हणून. मी तो हात फिरवू दिला.

ताईची पोर, तन्वी, आता शाळेत जाते. आजीचे ओठ पाहून ती सगळं समजून घ्यायची. आजीचा आवाज म्हणजे काय ते तिला माहीत नाही. ताईच्या लग्नाचा व्हिडिओ आहे, त्यात आई कुणाला तरी हाक मारताना दिसते. पण वर बँड वाजतोय.

मागच्या हिवाळ्यात आई गेली. तेरवीला अंगणात पंगत बसली होती. किरनापूरची मावशी म्हणाली, तिचा आवाज तरी कुठं ठेवला असेल ना ग पोरींनो? ताई पाणी वाढत होती. ती थांबली. पाण्याचा जग खाली ठेवला आणि सगळ्या पंगतीसमोर म्हणाली, "होता मावशी. माझ्या हातानं गेला. मीच घालवला."

तिच्या मागं मी वरणाची बादली घेऊन उभा होतो. मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मी तिच्या भातावर वरण वाढलं, आणि पुढच्या पानाकडे गेलो.